थंड दुधातील प्रथिनांचा नाश कसा ओळखावा

दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले म्हणजे ते निर्धोक झाले, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असतो. थंडीमुळे दूध आंबविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते, हे खरे. परंतु स्यूडोमोनास वर्गातील काही जंतू थंडीतही सावकाश वाढत राहतात. ते विकर नावाचा पदार्थ दुधात सोडतात व त्याच्या योगाने केसीन या मुख्य प्रथिनाचे तुकडे पडतात. केसीन हाच पनीर व चक्का यांचा आधार होय. ते तुटल्यास पनीराचा उतारा घटतो आणि दूध कडवट होते. पाश्चरीकरणाने हे जंतू मरतात. त्यांचे विकर मात्र बऱ्याच अंशी टिकून राहते. कासदाह (दगडी) झालेल्या जनावराच्या दुधातही प्रथिने तोडणारे विकर अधिक असते.

हे दूध आंबत नसल्याने केवळ आम्लतेच्या परीक्षेवर विसंबू नये. पुढील परीक्षा कराव्यात :

१. थोडे दूध उकळून निववावे व चाखावे. कडवटपणा ही धोक्याची खूण होय. कच्चे दूध चाखू नये.

२. उकळताना दूध आंबट नसूनही फाटल्यास प्रथिनांच्या नाशाचा संशय घ्यावा.

३. परीक्षानळीत ५ मिलिलीटर दूध व तितकाच ६८ टक्के मद्यार्क मिसळावा. कण दिसल्यास दूध वेगळे ठेवावे. चीक, कासदाह वा आम्लता यांमुळेही कण दिसतात; म्हणून एवढ्यावरून निर्णय करू नये.

४. निश्चित निर्णय प्रयोगशाळेत होतो. तेथे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने अखंड प्रथिने साक्यात बसवितात व गाळलेल्या द्रवातील टायरोसीन मोजतात. ताज्या दुधापेक्षा ते अधिक भरल्यास प्रथिने तुटली असे समजावे.

सुरुवातीचा नाश पहिल्या तीन परीक्षांत दिसेलच असे नाही. म्हणून प्रतिबंधावरच भर द्यावा. धार काढण्यापूर्वी कास धुऊन पुसावी. पहिल्या धारा गडद रंगाच्या भांड्यात पाहाव्यात. गाठी दिसल्यास ते दूध संकलनास देऊ नये. चरवी, झाकण, टाकीची तोटी व रबरी कडी गरम पाण्याने व धुण्याच्या सोड्याने घासून कोरडी करावीत. दूध त्वरित थंड करावे व टाकीत दिवसेंदिवस साठवू नये.

एका घरची अस्वच्छ चरवी सबंध गावाच्या टाकीतील दूध बिघडवू शकते. शीतकरण हे स्वच्छतेचे साहाय्यक आहे. तिची जागा ते घेऊ शकत नाही, हे ग्रामसेवकांनी प्रत्येक उत्पादकास पटवून द्यावे.