पॉवर स्टेअरिंग जड झाले? पंप खोलण्याआधी हे पाहा

ऊस वाहतुकीच्या ऐन धांदलीत जुन्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग जड झाले, की 'पंप गेला' म्हणून आपण मोकळे होतो. पंप खोलला जातो, पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. पुढे भरल्या ट्रॉलीसह वळणावर स्टेअरिंग दगा देते, तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही.

आधी पुढच्या टायरची हवा आणि टाकीतले तेल पाहा. तेलावर फेस असेल तर पंपाकडे येणारी नळी बहुधा हवा ओढते, क्लिपा आवळा. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, ते बदलावेच.

मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचला, खाली भक्कम ठोकळे द्या. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून स्टेअरिंग फिरवा. अधांतरीही जड लागले तर बहुधा किंगपिन किंवा सांधे धरलेत. वर हलके पण जमिनीवर जड, म्हणजे दाब कमी. इंजिन रेस केल्यावर फरक पडला तर संशय पंपावर. पंप पट्ट्यावर असेल तर आधी पट्टा पाहा.

गळती हाताने चाचपू नका. दाबाची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहावे. घुसलीच तर तडक दवाखाना गाठावा.

आणि ट्रॉलीच्या भाराने ट्रॅक्टरचे नाक उचलले असेल, तर स्टेअरिंग हलके फिरते पण गाडी वळत नाही. तिथे मिस्त्री काय करणार? ऊसच कमी भरावा लागेल.