परमुलखांत सेवेस गेलेल्या तरुणाचे पहिले दिवस

परक्या देशांत सेवेकरितां जाणाऱ्या तरुणाविषयीं बोलतांना लोक बहुधा त्याच्या त्यागाची स्तुति करितात. परंतु तेथें पोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यास पाणी कोठें मिळतें, शेजाऱ्याचा समाचार तो कोणत्या शब्दांनीं घेतो, व पहिल्या महिन्यांत तो घरीं काय लिहितो, याचा विचार थोडेच करितात. आमच्या मतें सेवेचें यश पुष्कळ अंशीं ह्या लहान गोष्टींवरच अवलंबून असतें. म्हणून ह्या पाठांत आम्ही एका प्रसिद्ध संस्थेचें उदाहरण घेऊन हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

१. संस्था व तिचा नेम. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं १ मार्च १९६१ रोजीं ‘पीस कोअर’ ही संस्था स्थापन केली. स्वयंसेवकानें सुमारें दोन वर्षें परदेशांत राहावें, तेथील भाषा शिकावी, पगार न घेतां निर्वाहापुरता भत्ता घ्यावा, व तेथील लोकांसारखी राहणी ठेवावी, असा तिचा नेम आहे. पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत आक्रा शहरीं उतरली. तींत सुमारें ५० शिक्षक होते. विमानांतून उतरल्यावर त्यांनीं प्रथम काय केलें? तेथील ट्वी भाषेंत एक गीत म्हटलें. त्या देशास दिलेली ती पहिली भेट होती, आणि ती योग्य होती.

२. जीभ व हात. नव्या गांवीं मनुष्याची पहिली परीक्षा अभिवादनांत होते. घानांतील अकान लोकांत मुलाचें एक नांव त्याच्या जन्मवारावरून ठेवितात. शुक्रवारीं जन्मलेला मुलगा कोफी, व मुलगी असली तर आफुआ. पाहुण्यासही असें नांव मिळालें म्हणजे तो अंगणापर्यंत आला असें समजावें. नायजेरियांतील योरुबा लोकांत काम करीत असलेल्या माणसास ‘ए कु इशे’ असें म्हटल्यावांचून पुढें जाणें उद्धटपणाचें गणिलें जातें. तेथेंही कोणास कांहीं देणें तें उजव्या हातानें द्यावें लागतें, डाव्यानें नव्हे. हें आपल्या खेड्यांतील मुलास शिकवावें लागत नाहीं, पण अमेरिकेंतून गेलेल्यास शिकावें लागतें.

३. पाणी व अन्न. येथें सावधपणा व सौजन्य यांची ओढाताण होते. स्वयंसेवकास पाणी उकळून व गाळून प्यावें लागतें, हिंवतापावर नेमानें गोळ्या घ्याव्या लागतात. हें टाळणें शौर्य नव्हे. आजारी सेवक दुसऱ्यांस भार होतो. पण शेजारणीनें कसावा व कच्चीं केळीं उकडून, उखळांत कांडून केलेला ‘फुफू’चा गोळा रश्शांत घालून पुढें केला, तर हातानें तोडून, रश्शांत बुडवून तो खावा. पाण्याविषयीं सावध राहणें, आणि यजमानाच्या ताटाची किळस दाखविणें, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

४. मनाचें दुखणें. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनीं १९५४ सालीं रिओ द जानेरो येथील व्याख्यानांत ह्या दुखण्याचें वर्णन केलें. आरंभीं सर्व नवें म्हणून सर्व गोड वाटतें. मग ओळखीच्या खाणाखुणा नाहींशा झाल्यानें मन बिथरतें. मनुष्य वारंवार हात धुतो, पाण्याची व अन्नाची अतोनात धास्ती घेतो, प्रत्येकजण आपणास फसवितो असें मानितो, लहानशा विलंबावर संतापतो, आणि घराच्या आठवणीनें व्याकुळ होतो. आपल्याच देशाचीं माणसें गांठून तो यजमानांच्या उणिवांचा पाढा वाचूं लागतो. ह्या वेळीं कित्येक परत फिरतात. जे टिकतात ते भाषा वाढवितात, स्वतःच्या फजितीवर हंसूं लागतात, व हळूहळू त्या घरचे होतात. तेव्हां हें दुखणें येणें पाप नव्हे. त्यासच खरी दृष्टि समजणें ही चूक होय.

५. एक पत्र. ह्या चुकीचें उदाहरण ऑक्टोबर १९६१ मध्यें घडलें. नायजेरियांतील इबादान येथें आलेल्या एका तरुण स्वयंसेविकेनें मित्रास कार्ड लिहिलें. येथील लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. तें कार्ड टपालांत पडण्यापूर्वींच हरवलें व विद्यार्थ्यांच्या हातीं लागलें. त्यांनीं त्याच्या प्रती वांटल्या, सभा भरविली, व स्वयंसेवकांस परत पाठवावें अशी मागणी केली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झालें होतें, म्हणून तो घाव अधिकच झोंबला. त्या बाईनें क्षमा मागितली व ती मायदेशीं परतली. आम्हांस वाटतें, तिच्या मनांत द्वेष नसावा. डोळ्यांस दिसलें तें तिनें लिहिलें, परंतु जें दिसलें त्याचा अर्थ विचारण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती. आपल्या खेड्यांतही चूल अंगणांत पेटते, व उन्हाळ्यांत बाजा अंगणांत पडतात. नवख्यानें त्यावरून ‘ह्यांस घरें नाहींत’ असें लिहिलें, तर आपणांस काय वाटेल? तथापि गोष्ट येथें संपली नाहीं. इतर स्वयंसेवक तेथेंच राहिले व काम पुढें चाललें.

६. आपला भाग. ह्या संस्थेचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत हिंदुस्थानांतही होते. पुढें अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, मुंबईजवळ विक्रोळीस आल्या, व दवाखान्यांत सेवा करून १९६८ सालीं परत गेल्या. येण्यापूर्वीं त्यांस मराठी शिकविण्यांत आली होती. ज्या वयांत आपण वडील माणसांस ‘आतां बसा’ म्हणतों, त्या वयांत त्या बाईंनीं आपली बाराखडी गिरविली. मग विशीच्या तरुणानें ‘जीभ वळत नाहीं’ म्हणावें काय?

शेवटीं यजमानांसही एक शब्द. पाहुणा चुकला तर हंसण्यापूर्वीं त्यास योग्य शब्द सांगावा. परदेशांतून आलेला सेवक कितीही शिकलेला असो, पहिलें वर्षभर तो आपल्या गांवाचा विद्यार्थी असतो. त्याच्या शाळेंतील शिक्षक म्हणजे पाणवठ्यावरील बाया, दुकानदार व शेजारचीं मुलें. ही शाळा चांगली चालली तरच त्याचें पुढील काम चांगलें चालेल.

विचारार्थ प्रश्न:
(१) आपल्या गांवीं नवा मनुष्य आला असतां तो प्रथम कोणत्या चुका करितो? त्या त्यास कोण सांगतो?
(२) सावधपणा व किळस यांतील भेद एका उदाहरणानें दाखवा.
(३) इबादानच्या कार्डावरील मजकूर दोन वर्षें तेथें राहिलेल्या मनुष्यानें कसा लिहिला असता?
(४) आपण परगांवाहून घरीं लिहिलेलें शेवटचें पत्र तेथील लोकांनीं वाचलें असतें, तर आपणांस लाज वाटली असती काय?