हळू चालवल्याने पेट्रोल किती वाचतं?

प्रश्न : माझे काका १९७४ साली न्यू जर्सीत होते. तेव्हा तिथे पेट्रोलची टंचाई होती, पंपावर गाडीच्या सम-विषम नंबराप्रमाणे पाळी लागायची आणि महामार्गावर ताशी ५५ मैलांच्या वर जाता येत नसे, असं ते सांगतात. वेग कमी करून खरंच एवढं पेट्रोल वाचतं का? आणि मी सांगलीहून पुण्याला जाताना १०० ऐवजी ८० ने गेलो, तर काय फरक पडेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वाचतं. पण अमेरिकेत वेगमर्यादेमुळे जेवढं वाचेल असं वाटलं होतं तेवढं वाचलं नाही. ते का, हे समजून घेणं वेगाच्या गणिताहून उपयोगी आहे.

तरी आधी गणित. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैल म्हणजे साधारण ८८ किलोमीटर आणि ७० मैल म्हणजे ११२. वेग सव्वापटीच्या थोडा वर गेला, पण हवेचा विरोध १.६ पट झाला. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. त्यामुळे गावातल्या वेगाला पेट्रोल जातं ते मुख्यतः इंजिनातल्या घर्षणात, टायरमध्ये आणि पुन्हापुन्हा ब्रेक मारण्यात. ८० च्या पुढे मात्र हवा मोठा वाटा घेऊ लागते.

म्हणून २० च्या वेगाने जावं असंही नाही. इंजिन चालू आहे तोवर स्वतःला फिरवत ठेवायला ते तासाला ठरावीक पेट्रोल खाणारच. २० च्या वेगाने एक किलोमीटर कापायला तीन मिनिटं लागतात, ६० ने एकच. या दोन खर्चांचा मेळ मधल्या वेगाला बसतो. आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींच्या स्पीडोमीटरवर चाळीस-पन्नासच्या आसपास ‘इकॉनॉमी’चा पट्टा असतो, तो याचसाठी.

आता काकांच्या अमेरिकेकडे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचं उत्पादन घटवलं आणि अमेरिकेला तेल देणं थांबवलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ५५ मैलांच्या कायद्यावर सही केली. या कायद्याने खप किती घटला याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक एक-दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतात. कारण उघड आहे. मर्यादेचा परिणाम मोकळ्या महामार्गांवरच होणार होता. घर ते ऑफिस, घर ते दुकान हा मोठा प्रवास आधीच कमी वेगाचा होता आणि मोकळ्या रस्त्यावर नियम पाळणारे दिवसेंदिवस कमी होत गेले. अपघाती मृत्यू मात्र १९७३ च्या सुमारे ५४ हजारांवरून पुढच्या वर्षी ४५ हजारांवर आले. लोकांनी गाड्या कमी काढल्या हेही त्यामागे होतं, पण एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मला तो कायदा मोलाचा वाटतो.

सम-विषमची गोष्ट वेगळी. दिल्लीत २०१६ साली सम-विषम आलं ते गाडी रस्त्यावर आणण्यावर. अमेरिकेत बंधन फक्त पेट्रोल भरण्यावर होतं, गाडी रोज फिरवायला मोकळीक होती. मग त्याने वाचलं काय? पेट्रोल जवळजवळ नाहीच, रांग थोडी आटोक्यात आली. त्या रांगा नुसत्या तुटवड्याच्या नव्हत्या. भाव सरकारने बांधलेले होते आणि पंपांना कोटा आधीच्या विक्रीवरून ठरत होता, त्यामुळे एका गावात खडखडाट आणि दुसरीकडे बरा साठा असंही झालं. त्यात भीतीची भर पडली. एरवी टाकी तळाला गेल्यावर पंपावर येणारा माणूस अर्धी टाकी असतानाच रांगेत उभा राहू लागला. हिशेब करून पाहा. तेव्हा अमेरिकेत दहा कोटींच्या आसपास मोटारी होत्या, टाकी साधारण ७५ लिटरची. सगळ्यांच्या टाक्या सरासरी अर्ध्याऐवजी पाऊण भरलेल्या राहू लागल्या, तर देशाचा जवळजवळ दोन दिवसांचा खप पंपांतून उठून गाड्यांच्या पोटात जाऊन बसतो. म्हणून काही राज्यांनी उलटाच वाटणारा नियम केला : अमुक डॉलरपेक्षा कमी पेट्रोल भरायला यायचंच नाही. टंचाईची बातमी ऐकून पंपाकडे धावू नये हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खरी बचत दोन ठिकाणी होती. एक, फेरीच न करणं. मिनेसोटातल्या थ्री-एम कंपनीने १९७३ सालीच कामगारांना एकत्र आणण्यासाठी व्हॅन सुरू केल्या होत्या. डझनभर माणसं एका गाडीत आली की उरलेल्या गाड्या घरीच राहतात, तिथे वेगाचा प्रश्नच येत नाही. छोट्या फेऱ्या तर दुप्पट महाग, कारण थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरला जास्त पेट्रोल ओढतं. बँक, भाजी आणि क्लास यांच्या तीन फेऱ्यांची एक केली, तर अंतर वाचतं आणि इंजिनही एकदाच तापवावं लागतं. दुसरी बचत गाडीतच. तेव्हाच्या अमेरिकन मोटारी लिटरला जेमतेम सहा किलोमीटर द्यायच्या. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना १९८५ पर्यंत नव्या मोटारींचं सरासरी मायलेज सुमारे पावणेबारापर्यंत नेण्याचं बंधन घातलं. ५५ ची मर्यादा १९९५ मध्ये उठली, गाड्यांमधला फरक मात्र टिकला.

तुमच्या सांगली-पुणे प्रवासाचं : अंतर साधारण २३५ किलोमीटर. १०० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध ३६ टक्के घटतो आणि छोट्या मोटारीत पेट्रोल साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी लागतं. गाडी लिटरला १५ देत असेल, तर एका बाजूला दोन लिटरहून थोडं जास्त वाचेल आणि सलग त्या वेगाने जाता आलं असं धरलं, तर पस्तीस मिनिटं जास्त लागतील. टपावर सामानाचं कॅरियर असेल तर ते आधी काढा आणि टायरची हवा थंड असताना तपासून घ्या. माझ्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, परत आल्यावर तिथेच फुल करा आणि भागाकार करा. एकदा १०० ने, एकदा ८० ने. एसी दोन्ही वेळा सारखाच ठेवा.