मोशेचे हात व रोग्याचें घर
शास्त्रपाठ : निर्गम १७:८-१३

रफीदीम येथें अमालेकाशीं लढाई चालली असतां मोशेचे उंच धरलेले हात जड झाले. तेव्हां प्रथम एक धोंडा आणून त्याला बसविण्यांत आलें, आणि मग अहरोन व हूर ह्यांनीं दोहों बाजूंनीं त्याचे हात सूर्यास्तापर्यंत सांवरले. वाचतांना हा धोंडा आपण बहुधा विसरतों. ज्या घरांत हृदय दुर्बल झालेला रोगी आहे, त्या घरांतील पत्नी किंवा सून अशीच थकून उभी असते, आणि तिला बसावयास धोंडा कोणी आणीत नाहीं.

हृदय दुर्बल होणें म्हणजे तें बंद पडणें नव्हे. रक्त पुढें ढकलण्याची त्याची शक्ति घटते व शरीरांत पाणी सांठतें. पाय सुजतात, थोड्या श्रमानें दम लागतो, रात्रीं आडवें होतांच श्वास कोंडून रोगी उठून बसतो. त्याच्या पाठीशीं उशा लावणारीहि मग जागीच राहते. तिरुवनंतपुरम येथें २०१३ सालीं अशा १,२०५ रोग्यांची नोंद झाली. त्यांचें सरासरी वय सुमारें ६१ होतें; हें कांहीं पिकल्या पानाचें वय नव्हे.

मुंबईच्या उपनगरांतील खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांत मिठाचा प्रश्न सर्वांत कठीण. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या कीं घराला सुक्या व खारवलेल्या मासळीचा आधार असतो. परंतु मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें. म्हणून रोग्याला खारा बांगडा, लोणचें, पापड देऊं नयेत. ताजी मासळी बेताच्या मिठानें शिजवून द्यावी. सैंधव हेंहि मीठच आहे. कमी सोडियमचें म्हणून विकलें जाणारें मीठ डॉक्टरांस विचारल्यावांचून आणूं नये, कारण त्यांतील पोटॅशियम कांहीं औषधांबरोबर घातक ठरतें. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांनींहि सूज वाढते. शक्य तर सर्व घरानेंच मीठ कमी करावें. एकट्याच्या ताटांत अळणी वाढणें म्हणजे त्याला पंक्तींतून उठविणेंच होय.

रोज सकाळीं लघवीनंतर व खाण्यापूर्वीं रोग्याचें वजन करून वहींत लिहावें. हें काम शाळकरी नातूहि करील. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलें, तर थांबूं नये, डॉक्टरांस कळवावें. बसल्या जागीं दम लागला किंवा छातींत दुखूं लागलें, तर त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें. खारदांडेकरांस वांद्र्याचें भाभा रुग्णालय जवळ आहे. रोग्याला बसून करण्याजोगें काम मात्र अवश्य ठेवावें. ज्यानें जन्मभर जाळीं ओढलीं, त्याला फाटलें जाळें सांधूं द्यावें. "तुम्ही आतां कांहीं करूं नका" हें मायेनें म्हटलेलें वाक्यहि मनाला लागतें.

उपदेशक बंधूंनो, आपण अशा घरीं जातों तेव्हां रोग्याची विचारपूस करतों, त्या बाईला "तुम्ही काल किती झोंपलां?" असें विचारावें. मंडळींतील एका भगिनीनें आठवड्यांतून दोन दुपारीं रोग्यापाशीं बसावें, दुसरीनें तिची मासळीची पाटी बाजारास न्यावी. कोण केव्हां जाईल हें उपासनेनंतर नांवनिशीवार ठरवावें. आणि त्या घरांतील प्रार्थना आटोपशीर असावी, कारण ती बाई पहाटे बंदरावर जाऊन आलेली असते.