फोन नुसता 'इमेज' म्हणतो

मी भातसानगरला धरणाच्या वसाहतीजवळ राहतो आणि एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय सांभाळतो. संस्थेच्या शाखा शहापूर-मुरबाड तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. कार्यकारिणीने डिजिटल सुगम्यता धोरण एकमताने मंजूर केलं, त्याचा मसुदा माझाच होता. सात पानं. सह्या-शिक्के झाल्यावर मी ती स्कॅन करून वेबसाइटवर टाकली आणि काम संपलं असं धरून चाललो.

पुढच्याच महिन्यात मुरबाडकडच्या एका मुलीचा फोन आला. बारावी झालेली, जन्मतः अंध, मोबाइल टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर चालवणारी. "सर, फी-सवलतीची सूचना उघडते, पण फोन नुसता 'इमेज' म्हणतो." मुदत आदल्या दिवशीच संपली होती. त्या सूचनेचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर मीच टाकला होता. तिने तक्रार ज्या धोरणावर बोट ठेवून करायची, त्या धोरणाची सातही पानं तिच्या फोनला तशीच मुकी होती. मुदत वाढवून घेतली. तरी तिच्या वडिलांना रोज बुडवून, दोन एसट्या बदलून यावं लागलं. तो हेलपाटा माझ्यामुळे पडला.

सुगम्यतेचं हे काम तुमच्याकडे आलं तर आधी लिपिकाच्या टेबलाशी जाऊन बसा. आमच्या काही शाखांत जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट होता. छापल्यावर मराठी सुरेख दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी वाचतो. टंकलेखन-यंत्रावर हात बसलेल्या मंडळींना नवा कळफलक नको होता. युनिकोडमध्येही रेमिंग्टन पद्धतीची मांडणी मिळते, हे दाखवल्यावर त्यांचा विरोध मावळला. आता सहीची प्रत फाइलला लागते आणि वेबसाइटवर मूळ टाइप केलेली जाते. ग्रुपवरही सूचना मजकूर म्हणूनच टाकायची.

खर्चाचा प्रश्न निघतोच. तेव्हा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ पुढे ठेवा. त्याखालच्या नियम १५मधली मानकं शिफारशीपुरती ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं. ३० एप्रिल २०२५च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवल्यावर खर्चाची चर्चा थांबली.

ऑनलाइन अर्ज बनवून घेताना करारात एक अट घाला: पडद्याकडे न बघता, टॉकबॅकवर अर्ज शेवटपर्यंत भरता आला तरच शेवटचं बिल. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल आणि त्याला आवाजी पर्याय नसेल तर डोळस माणसाच्या मदतीशिवाय तो अर्ज पुढेच सरकत नाही.

प्रत्येक नवा अर्ज आता आधी त्या मुलीकडे तपासायला जातो, रीतसर मानधन देऊन. यंदाचा तिने परत पाठवला आहे: जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये टॉकबॅकवर वर्ष मागे जात नाही. ते दुरुस्त होईपर्यंत प्रवेश सुरू करू नयेत, असं मी सगळ्या शाखांना कळवलं आहे.