पायाळू बाळ आणि दोन शिंगांची गर्भपिशवी

प्रश्न : माझ्या सुनेचं पहिलं बाळ पायाळू, तेही आठव्या महिन्यातच झालं. आता पुन्हा दिवस राहिलेत. सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, ‘गर्भपिशवी दोन शिंगांची आहे.’ हे कशानं होतं? बाळंतपण नीट होईल ना?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, असं आपल्याकडं म्हणतात. तुमच्या नातवाला ते जमो न जमो, तो पायाळू का झाला याचं उत्तर बहुधा याच सोनोग्राफीत आहे.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची गर्भपिशवी दोन नळ्या जुळून तयार होते. मग मधला पडदा विरतो. नळ्या वरच्या बाजूला जुळायच्या राहिल्या की दोन शिंगं. जुळल्या, पण पडदा राहिला तर पडद्याची पिशवी. मुळीच जुळल्या नाहीत तर दोन वेगळ्या पिशव्या. बांगलादेशात २०१९ मध्ये एक बाई बाळंत झाली आणि २६ दिवसांनी तिच्या दुसऱ्या पिशवीतून जुळी जन्मली! शंभरात साधारण पाच जणींत असा काही ना काही फरक आढळतो. तो जन्माआधीचाच, सुनेच्या खाण्याचा, कामाचा किंवा ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही.

एकाच शिंगात बाळ वाढलं की त्याला कोलांटी घ्यायला जागा पुरत नाही. मग डोकं बऱ्याचदा वरच राहतं आणि कळाही लवकर येऊ शकतात. तरीही अशा पुष्कळ जणी सुखरूप बाळंत होतात. सिझेरियन करावंच लागतं असंही नाही. बाळ डोक्याकडून आहे, पायाकडून आहे की आडवं, यावर ते बरंचसं ठरतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. पिशवीचं तोंड आखूड होतंय का? आणि सुनेच्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत ना? गर्भपिशवी आणि किडन्या शेजारी-शेजारीच घडतात, म्हणून कधी कधी एक किडनी नसते.

माहेर जतच्या किंवा पाटणच्या एखाद्या वाडीत असेल, तर या खेपेला माहेरचा हट्ट नको. सातव्या महिन्यापासून मिरज, सांगली, कऱ्हाड किंवा साताऱ्याजवळ राहावं. जिथं नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, तिथंच नाव घालावं. पोट घट्ट होऊ लागलं किंवा पाणी गेलं, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा. वेळेत पोचलं, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देता येतात.