इंजिनातले पाणी जाते कुठे?

शिडाच्या होडीला वारा हवा. पण खाडीच्या तोंडाशी वारा पडला, तर काय करायचे? तेव्हा इंजिनच होडीला बंदरात आणते. म्हणून पुष्कळ होड्यांत शीडही असते आणि डिझेलचे इंजिनही असते. मासेमारीच्या किती तरी होड्या तर इंजिनावरच चालतात.

इंजिनात डिझेल जळते. त्याची धग मोठी असते. ती धग पाण्याने काढून न्यावी लागते. पाणी कमी पडले की इंजिन तापते. फार तापले की हेड वाकते, पिस्टन अडकतो. मग दुरुस्तीत मोठी कमाई जाते. आणि हे खडकांजवळ, अंधार पडताना झाले तर? मग प्रश्न नुसता पैशाचा राहत नाही. होडीवर माणसे असतात.

काही जण रोज सकाळी टोपण काढतात, पाणी ओततात आणि निघतात. विचारले तर म्हणतात, "थोडं पाणी लागतंच की!" आम्ही सांगतो, लागत नाही. हे पाणी बंद वाटेने फिरते. ते रोज कमी होते, म्हणजे कुठे तरी जाते. कुठे जाते, ते शोधले पाहिजे.

गोडे पाणी आणि खारे पाणी

होडीच्या पुष्कळ इंजिनांत दोन प्रकारचे पाणी असते. गोडे पाणी इंजिनाच्या आत फिरते. त्यात कूलंट मिसळलेले असते. त्यामुळे आत गंज धरत नाही.

खारे पाणी समुद्रातून येते. ते तळाच्या कॉकमधून शिरते, जाळीतून गाळले जाते आणि पंपातून कूलरमध्ये जाते. कूलरमध्ये बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आत एक पाणी, बाहेर दुसरे. ती एकमेकांत मिसळत नाहीत. गोड्या पाण्याची उष्णता तेवढी खाऱ्या पाण्याला मिळते. मग खारे पाणी धुराबरोबर बाहेर पडते.

काही इंजिनांत समुद्राचेच पाणी फिरते. त्यांची गोष्ट वेगळी. हा धडा दोन पाण्यांच्या इंजिनाचा आहे.

आधी मोजा आणि लिहा

तुम्हाला आता लिहिता येते. ती विद्या इथे कामाला लावा. एक वही करा. रोज सकाळी, इंजिन गार असताना, पाणी बघा. कमी असेल तर पेल्याने मोजून घाला. आदल्या दिवशी इंजिन किती तास चालले, तेही लिहा. असे:

सोमवार – ६ तास – १ पेला
मंगळवार – ६ तास – १ पेला
बुधवार – होडी बांधलेली – काही नाही
गुरुवार – ३ तास – अर्धा पेला

ही वही काय सांगते? होडी उभी असताना पाणी जात नाही. इंजिन तापले, आत दाब आला, की जाते. आता समजा, होडी बांधलेली असतानाही पाणी उतरले. मग दाबाशिवायही गळते आहे. आधी नळ्या, पंप आणि पाणी सोडायचे कॉक बघा.

आणखी एक. पाणी तापले की फुगते. १० लिटर पाणी चांगले तापले, तर सुमारे पाव लिटर वाढते. टाकी काठोकाठ भरली, तर तेवढे पाणी बाहेर पडणारच. ही गळती नव्हे. खुणेपर्यंतच भरा.

चार ठिकाणी शोधा

पहिले ठिकाण, बाहेरची गळती. इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरा. डाग कुठे पडतो ते बघा. रबरी नळ्या हाताने दाबा. चिरा गेल्या असतील तर बदला. क्लिपा आवळा. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असते. त्यातून थेंब येत असेल, तर पंपाचे सील गेले. ते भोक बुजवू नका. सील बदला. गळून वाळलेल्या कूलंटचा रंगीत किंवा पांढरा थर राहतो. त्यावरूनही जागा सापडते.

दुसरे ठिकाण, टोपण. टोपण आतला दाब धरून ठेवते. दाब असला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याच्या पुढे उकळते. टोपणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली, की पाणी बाहेर पडते. नवे टोपण स्वस्त असते. ते घेताना इंजिनाला लागेल त्याच दाबाचे घ्या.

तिसरे ठिकाण, कूलर. नळीला भोक पडले, तर गोडे पाणी खाऱ्यात मिसळून समुद्रात जाते. होडीत एक थेंब दिसत नाही! बाहेर कूलंटचा रंगही ओळखू येत नाही, कारण खारे पाणी पुष्कळ असते. म्हणून बाहेर सारे कोरडे असेल आणि टोपणही चांगले असेल, तर कूलरचा संशय घ्या. मेकॅनिककडून दाब देऊन तपासून घ्या. पुष्कळ कूलरांत जस्ताची कांडी असते. खारे पाणी आधी जस्ताला खाते, म्हणून नळ्या वाचतात. कांडी निम्मी झिजली की बदला.

चौथे ठिकाण, इंजिनाच्या आत. हेड गॅस्केट जळले किंवा हेडला चीर गेली, की पाणी आत जाते. खुणा तीन. टाकीत सारखे बुडबुडे येतात आणि इंजिन वाढवले की ते वाढतात. धूर पांढरा येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसते. नुसत्या पांढऱ्या धुरावर जाऊ नका. खारे पाणी कमी आले तरी वाफ निघते. पण ऑइल दुधाळ झाले असेल, तर इंजिन मुळीच चालू करू नका. मेकॅनिकला बोलवा.

या चुका करू नका

गरम इंजिनाचे टोपण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. अंग भाजते, डोळे जातात.

तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. हेड तडकते.

गोड्या पाण्याच्या टाकीत समुद्राचे पाणी घालू नका. आत मीठ साठते, गंज चढतो.

कूलंट चवीला गोड लागते, पण ते विष आहे. चाखून बघू नका. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरे आणि गुरे यांच्यापासून दूर ठेवा. खाडीत ओतू नका.

समुद्रात इंजिन तापले तर

वेग कमी करा. धुराच्या नळीतून खारे पाणी येते का, ते बघा. येत नसेल, तर इंजिन बंद करा. पाणी येत असूनही काटा चढतच असेल, तरीही बंद करा. शीड असेल तर चढवा. नसेल तर नांगर टाका. मग कॉक आणि जाळी बघा. जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली असेल! इंजिन चांगले गार होऊ द्या. टोपण फडक्याने धरून हळूहळू सैल करा. गोडे पाणी थोडे थोडे घाला. म्हणून १० लिटर गोड्या पाण्याचा डबा होडीवर नेहमी ठेवा.

थेंबाथेंबाने तळे साचते, तसे थेंबाथेंबाने आटतेही. रोजचा एक पेला आज लहान वाटतो. तो कुठे जातो, हे किनाऱ्यावर असतानाच शोधलेले बरे.

प्रश्न

१. गोडे पाणी आणि खारे पाणी कूलरमध्ये का मिसळत नाहीत?
२. होडीत थेंब न सांडता पाणी कसे जाऊ शकते?
३. ऑइल दुधाळ दिसले तर काय करावे?
४. तुमच्या होडीच्या पाण्याची आठ दिवसांची वही लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.